मधुमेही रुग्णाचे शिक्षण : रुग्णालयातील अडथळे आणि त्यांवरील उपाय

मधुमेह हा केवळ शहरातील सुखवस्तू वर्गाचा विकार आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर असून, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक १३ कोटींहून अधिक आहेत. साहजिकच जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत कोणत्याही कक्षात मधुमेही रुग्ण असतोच. तो पुष्कळदा मधुमेहासाठी आलेला नसतो. पायाची जखम, क्षय, हृदयविकार, अस्थिभंग किंवा बाळंतपण अशा कारणाने तो दाखल होतो, आणि रक्त तपासताना साखर वाढल्याचे कळते.

औषधाची चिठ्ठी लिहिणे हे वैद्याचे काम. ती अमलात आणणे हे मात्र रुग्णाचे. वर्षाचे ८,७६० तास असतात. दर तीन महिन्यांनी रुग्णालयात येऊन दहा मिनिटे वैद्यासमोर बसणारा रुग्ण वर्षभरात एक तासही आरोग्य कर्मचाऱ्याच्या सहवासात नसतो. उरलेला सर्व काळ काय खावे, गोळी केव्हा घ्यावी, इन्सुलिन किती टोचावे, पायाला लागले तर काय करावे, हे सारे निर्णय त्याचे त्यालाच घ्यावे लागतात. ते निर्णय घेण्यास त्याला समर्थ करणे म्हणजेच रुग्णशिक्षण. या कामाला रुग्णालयाइतकी सोयीची जागा नाही, आणि तरीही ते तेथेच सर्वाधिक राहून जाते. असे का होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शिक्षण हा उपचाराचाच भाग

रुग्णाला शिकविल्याशिवाय मधुमेहाचा उपचार पुरा होत नाही, हा विचार नवा नाही. अमेरिकेतील बोस्टन येथील डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ मध्येच वैद्य आणि रुग्ण या दोघांनाही उपयोगी पडेल अशी मधुमेह-पुस्तिका प्रसिद्ध केली होती. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला व १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका रुग्णाला देण्यात आले. त्यानंतर तर शिक्षणावाचून गत्यंतरच उरले नाही. कारण रोज सुई टोचण्याचे काम रुग्णाने वा त्याच्या घरच्यांनीच करावयाचे होते. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवून दिले की, रक्तातील साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतात. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने दीर्घकालीन आजारांतील रुग्णशिक्षण हे उपचाराचे अंग असल्याचे प्रतिपादन करणारा अहवाल प्रसिद्ध केला.

तत्त्व मान्य आहे; अडते ते व्यवहारात. रुग्णालयाच्या दैनंदिनीत तपासणी, सलाईन, मलमपट्टी, औषधवाटप या प्रत्येक कामाला वेळ ठरलेली असते. शिकविण्याला तशी वेळ नसते. इतर कामे उरकल्यावर जमल्यास करावयाचे काम, असे त्याचे स्थान असते. आणि इतर कामे कधीच उरकत नाहीत.

वेळ चुकते

पहिला अडथळा वेळेचा आहे, आणि तो दुहेरी आहे. एक तर वेळ अपुरा असतो. निरनिराळ्या देशांतील प्राथमिक उपचारांतील भेटीच्या कालावधीचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बांगलादेशात हा कालावधी ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे इतका आढळला. आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागातील रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आपला देश या दोन टोकांपैकी कोणत्या टोकाजवळ आहे हे सांगावयास नको.

दुसरे असे की, जो वेळ मिळतो तोही अयोग्य असतो. दाखल होताच रुग्ण वेदनेने, तापाने किंवा भीतीने व्याकूळ असतो. साखर फार वाढली किंवा फार उतरली असेल तर त्याचे चित्तही ठिकाणावर नसते. अशा वेळी सांगितलेले ध्यानात राहत नाही. मग सर्व सूचना घरी सोडण्याच्या दिवसासाठी राखून ठेवल्या जातात. त्या दिवशी कागदपत्रे पुरी करावयाची असतात, औषधे घ्यावयाची असतात, खाटेसाठी दुसरा रुग्ण ताटकळत असतो आणि नातेवाइकांचे लक्ष गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या एस.टी.कडे असते. या धांदलीत पाच मिनिटांत आहार, व्यायाम, गोळ्या, इन्सुलिन, पायांची निगा आणि पुढील तपासणी असा सहा विषयांचा पाठ दिला जातो. ऐकणारा प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. ती मान समजल्याची नसते, सुटका झाल्याची असते.

शिकवावयाचे कोणी?

दुसरा अडथळा जबाबदारीचा. वैद्याला वाटते, परिचारिका समजावून सांगेल. परिचारिकेला वाटते, आहारतज्ज्ञ सांगेल. आणि जेथे आहारतज्ज्ञाचे पद नाही वा रिक्त आहे, तेथे हा विषय औषध देणाऱ्या खिडकीपर्यंत येऊन थांबतो. प्रत्येकाने थोडेथोडे सांगितले, तर त्यात मेळ राहत नाही. एकाने भात वर्ज्य सांगावा, दुसऱ्याने थोडा चालेल म्हणावे, तिसऱ्याने केवळ 'गोड खाऊ नका' म्हणून मोकळे व्हावे, असे झाले की रुग्ण कोणाचेच ऐकत नाही.

येथे परिचारिकेचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. रुग्णाजवळ सर्वांत अधिक वेळ तीच असते आणि रुग्ण आपली शंका वैद्यापेक्षा 'सिस्टर'पाशी अधिक मोकळेपणाने बोलतो. परंतु एकाच पाळीत मोठा कक्ष सांभाळणाऱ्या परिचारिकेकडून शिक्षणाची अपेक्षा करताना तिला त्यासाठी वेळ, प्रशिक्षण व अधिकार द्यावा लागतो. कक्षाच्या कामाच्या वाटपात एखाद्या परिचारिकेचे नाव या कामापुढे लिहिले जात नाही, तोपर्यंत ते काम सर्वांचे असूनही कोणाचेच नसते.

भाषा आणि अंक

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८२ टक्के, तर स्त्रियांतील सुमारे ७६ टक्के होते. परंतु अक्षरओळख असणे आणि इंग्रजीत लिहिलेले डिस्चार्ज कार्ड वाचता येणे, या भिन्न गोष्टी आहेत. मेळघाटातील कोरकू, नंदुरबारकडील भिली किंवा गडचिरोलीतील माडिया व गोंडी बोलणाऱ्या रुग्णाला प्रमाण मराठीतील सूचनापत्रकही परके वाटते. अनेक वयस्क मधुमेहींची दृष्टी मोतीबिंदूने अथवा मधुमेहामुळेच अधू झालेली असते; त्यांना सिरिंजवरील बारीक रेघा दिसत नाहीत.

यापुढचा धोका अंकांचा आहे. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४० युनिट या मात्रेचे असते, तर पेनमधील इन्सुलिन १०० युनिटचे. दोन्हींसाठी सिरिंजही वेगळ्या असतात; ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. रुग्णाला वीस युनिट सांगितले आणि त्याने ४० च्या बाटलीतील इन्सुलिन १०० च्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत भरले, तर शरीरात केवळ आठ युनिट जातात. उलट १०० च्या मात्रेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत भरले, तर पन्नास युनिट जातात, आणि तो प्राणाशी गाठ आणणारा प्रकार ठरू शकतो. हा फरक सांगावयास दोन मिनिटे पुरतात. तो न सांगण्याची किंमत मात्र फार मोठी असते.

गोळ्यांचेही तसेच. बहुसंख्य रुग्ण गोळी नावाने ओळखीत नाहीत. रंगाने आणि आकाराने ओळखतात. पुरवठा करणारी कंपनी बदलली की त्याच औषधाचा रंग बदलतो. मग रुग्ण ती गोळी नवी समजून जुनीसोबत घेतो, अथवा चुकीची समजून टाकून देतो. औषध बदलले नाही, केवळ रूप बदलले आहे, हे सांगणे हाही शिक्षणाचा भाग आहे.

चूल कोणाच्या हाती?

आहाराविषयीचा सल्ला सहसा रुग्णाला किंवा कागदपत्रे घेऊन धावपळ करणाऱ्या मुलाला दिला जातो. घरात स्वयंपाक मात्र पत्नी, सून अथवा आई करते, आणि ती त्या वेळी तेथे नसते. रुग्ण स्वतः गृहिणी असेल तर अडचण निराळी होते. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणाऱ्या स्त्रीला 'वेळेवर जेवा' हा सल्ला पाळता येत नाही. घरातील इतरांनी तो मनावर घेतला, तरच तो अमलात येतो.

छापील आहारतक्त्यांचा उपयोग मर्यादित होतो तो याच कारणाने. ज्या घरी ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, आमटी आणि एखादी भाजी एवढेच अन्न शिजते, तेथे फळांचे कचोळे आणि उकडलेली कडधान्ये दिवसातून सहा वेळा सांगणारा तक्ता भिंतीवरच राहतो. त्याऐवजी रुग्णाच्या ताटातील पदार्थच बदलत्या प्रमाणात मांडून दाखवावेत. भाकरी किंवा भात एक वाटा कमी, भाजी व डाळ एक वाटा अधिक. चहात साखर नको. गूळ आणि मध हेही साखरच. उपवासाची साबुदाण्याची खिचडी ही पिष्टमय असल्याने साखर वाढविणारीच. सणवार आणि उपवास टाळा असे सांगून कोणी टाळीत नाही. एकादशी असो, रमजानचे रोजे असोत वा पंढरीची वारी, त्या आधी वैद्याला विचारून औषधाची मात्रा ठरवून घ्या, हा सल्ला अधिक उपयुक्त होय.

समजुती आणि भीती

इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, एकदा घेतले की त्याची सवय लागते, ही भीती अतिशय खोल रुजलेली आहे. त्यामुळे रुग्ण कक्षात इन्सुलिन घेतो आणि घरी जाताच बंद करतो. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, अशा मुलांच्या व तरुणांच्या बाबतीत हे बंद करणे जीवघेणे असते. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी यांवरील विश्वासही मोठा आहे. त्यांची थट्टा केल्यास रुग्ण ते लपून घेतो. त्यापेक्षा जे घेत असाल ते सांगा, पण वैद्याने दिलेले औषध त्यापायी सोडू नका, असे म्हटल्याने संवाद टिकतो.

'मी तर काडीसारखा, मला कसला मधुमेह?' हा प्रश्नही वारंवार ऐकू येतो. भारतीय माणूस दिसावयास सडपातळ असूनही त्याच्या शरीरात मेदाचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने पुढे आणले आहे. तसेच काही दुखत नाही म्हणजे रोग गेला, ही समजूत सर्वांत घातक. वाढलेली साखर दुखत नाही. ती दुखू लागते तेव्हा बहुधा पाय, डोळा अथवा मूत्रपिंड पणाला लागलेले असते.

थोडे, पण आवश्यक

अडथळे पाहता रुग्णालयाने सर्व काही शिकविण्याचा हव्यास सोडणे इष्ट ठरते. घरी जाण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी प्रत्येक मधुमेही रुग्णाला व त्याच्या घरातील एका व्यक्तीला यावयासच हव्यात :

१. साखर उतरल्याची ओळख. घाम, थरथर, धडधड, अकस्मात भूक, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि नंतर काही खावयास द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

२. औषधाची वेळ. 'दिवसातून दोनदा' असे न सांगता रुग्ण प्रत्यक्षात केव्हा जेवतो ते विचारून सांगावे. शेतावर जाणारा मनुष्य न्याहारी न करता निघत असेल, तर सकाळची गोळी त्याला अपाय करू शकते.

३. इन्सुलिनची हाताळणी. योग्य सिरिंज, दर वेळी थोडी बदललेली जागा आणि साठवण. शीतकपाट नसेल तर बाटली कोरड्या डबीत घालून ओलसर मडक्यात गार जागी ठेवावी. बर्फात कधीही ठेवू नये. उघडलेली बाटली साधारणपणे चार आठवड्यांनंतर वापरू नये.

४. पायांची रोजची पाहणी. झोपण्यापूर्वी तळपाय व बोटांमधील बेचके पाहावे, अनवाणी चालू नये, फोड किंवा जखम दिसताच दाखवावी.

५. आजारपणातील नियम. ताप, उलटी, जुलाब झाले तरी इन्सुलिन मनाने थांबवू नये. त्वरित आरोग्य केंद्र गाठावे.

हा पाठ दाखल झाल्यानंतर रुग्ण सावरताच सुरू करून रोज एक गोष्ट याप्रमाणे द्यावा. परिचारिका इन्सुलिन देते तो क्षणच शिकविण्याचा असतो. पहिल्या दिवशी तिने टोचताना दाखवावे, दुसऱ्या दिवशी रुग्णाने भरावे व तिने पाहावे, तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः टोचावे. यासाठी वेगळा वर्ग लागत नाही.

शिकविल्यानंतर 'समजले ना?' असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. 'घरी गेल्यावर सुनेला हे कसे सांगाल, ते मला सांगा' असे म्हणावे. रुग्णाने आपल्या शब्दांत सांगितले की काय निसटले ते तत्काळ कळते. निसटले असेल तर दोष रुग्णाच्या बुद्धीचा न मानता सांगण्याच्या रीतीचा मानावा आणि निराळ्या शब्दांत पुन्हा सांगावे.

कक्षापासून गावापर्यंत

रुग्णालयात दिलेले शिक्षण गावात जोपासले गेले नाही तर ते महिनाभरातच विरते. राष्ट्रीय पातळीवर मधुमेहासह असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ पासून उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले. २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव देण्यात आले. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी हे तेथील एक काम आहे. म्हणजे यंत्रणा आहे. जोडणारा दुवा मात्र दुर्बळ आहे. रुग्ण कक्षातून सुटला हे त्याच्या गावच्या आशा कार्यकर्तीला कळतच नाही. डिस्चार्ज कार्डासोबत मराठीत एका पानाची चिठ्ठी उपकेंद्राला गेली, तर पहिल्याच आठवड्यात त्या घरी भेट होऊ शकते. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी तर हे कार्ड आणि त्यावरील औषधांची नोंद बरोबर असणे अत्यावश्यक आहे.

पंचायत सदस्यांना येथे पुष्कळ करता येण्यासारखे आहे. ग्रामसभेत उपकेंद्रातील मधुमेहाची औषधे व साखर मोजण्याच्या पट्ट्या उपलब्ध आहेत की नाहीत याची विचारणा करावी. तपासणीचा दिवस दवंडीने व फलकावर जाहीर करावा. जुने मधुमेही आणि नवे मधुमेही यांची महिन्यातून एकदा बैठक भरवावी. दहा वर्षे इन्सुलिन घेऊन शेती करणाऱ्या शेजाऱ्याचे चार शब्द जितके पटतात, तितके कोणतेही भित्तिपत्रक पटत नाही.

शिक्षकांचे साहाय्य दोन प्रकारचे असू शकते. वर्गात एखादे मधुमेही मूल असेल तर त्याला मधल्या वेळेआधी खाण्याची, पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मुभा द्यावी आणि साखर उतरल्याची लक्षणे ओळखावीत. दुसरे असे की, आजोबांची गोळ्यांची चिठ्ठी वाचून दाखविणारा आणि आजीचा तळपाय पाहणारा घरातील माणूस पुष्कळदा शाळकरी नातूच असतो. ही दोन कामे शाळेने मुलांना शिकविली, तर रुग्णालयाचा अपुरा पाठ घरात पुरा होईल.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न खर्चापेक्षा नियोजनाचा अधिक आहे. कक्षातील एका परिचारिकेकडे ही जबाबदारी नावानिशी सोपविणे, डिस्चार्ज कार्डावर 'रुग्णाने स्वतः करून दाखविले' अशी स्वाक्षरीची एक ओळ छापणे आणि मासिक आढाव्यात तपासलेल्या रुग्णांबरोबरच शिकविलेल्या रुग्णांचीही संख्या विचारणे, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. जे मोजले जाते तेच केले जाते, हा शासकीय कामकाजाचा अनुभव आहे. मधुमेहामुळे पाय गमावलेला रुग्ण शस्त्रक्रियेच्या नोंदवहीत मोजला जातो. वेळीच शिकविल्यामुळे ज्याचा पाय वाचला, तोही आता कोठेतरी मोजला गेला पाहिजे.